गवतगाडीचं निर्लेखन

"सर, हिचं पोट भरलं की ही झोपती," सुबराव मगदूम म्हणाले. "अर्ध्या पोटी ठेवली की त्यातल्या त्यात बरी चालती. माणसाच्या उलटं हाय समदं."

मी हसलो आणि खिसा चाचपला. खिशात तीन पानी अहवाल होता. सुबरावांची गवतगाडी 'दुरुस्तीपलीकडे गेल्याने निर्लेखनास योग्य' आहे, यावर समितीच्या आम्हा तिन्ही सदस्यांचं त्यात एकमत झालं होतं. तपासणी दुपारी चारला होती. अहवाल सकाळीच टाइप होऊन आला होता. तिसऱ्या सदस्यांना मुलीच्या साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून ठेवली होती. टायपिस्टनं मजकूर त्या सहीपर्यंत बरोबर आणून टेकवला होता. आमच्या कॉलेजात कामं अशी नेटकी व्हायची.

अठ्ठ्याण्णव सालचा मार्च. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिक्स शिकवत होतो. तिसरं वर्ष, तात्पुरता. भौतिकशास्त्राचा माणूस म्हणजे यंत्राचा माणूस, असा हिशेब करून समितीचे अध्यक्ष असलेल्या प्राचार्य हुपरीकरांनी मला तिचं सदस्य-सचिव केलं होतं. मला तोवर सायकलची उतरलेली चेनसुद्धा बसवता येत नव्हती.

निर्लेखन म्हणजे वस्तू मेली असं कागदावर लिहून देणं. ते झाल्याशिवाय त्या जागी नवी वस्तू घेता येत नाही. मैदानासाठी अनुदान आलं होतं आणि ते एकतीस मार्चच्या आत संपवायचं होतं. नव्या मशीनबरोबर तीन वर्षांसाठी कंपनीचाच चालक येणार होता. म्हणजे जुनी मशीन मेली की सुबरावही मेले. निदान नऊ वर्षांची त्यांची रोजंदारी आणि शेडमागची राहायची खोली तरी. हे त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं. तरी ते मला गूळ-पाणी देत होते.

दोनच वाजले होते. चारला यायचं सोडून मी दोनला का आलो, हे मला सांगता येत नव्हतं. स्टाफरूममध्ये बसवत नव्हतं, एवढं खरं. गठ्ठ्यातल्या एकाच पेपरातला तोच प्रश्न तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा वेगळे मार्क दिले, तेव्हा उठलो.

"मामा, अगदी पहिल्यापासून सांगा," मी म्हणालो. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. "केव्हापासून असं होतंय?"

"दिवाळीच्या आदीपासनं. त्याच्या आदी आठ वर्षं हूं की चूं न्हाई."

गवतगाडी अमेरिकेतल्या एका माजी विद्यार्थ्यानं पाठवली होती. तिकडे म्हणे माणसं आपापल्या अंगणात यावर बसून गवत कापतात. लाकडी खोक्यातून निघाली तेव्हा ट्रॅक्टरचं पिल्लू वाटली होती. पुढे इंजिन, मागे बसायची जागा, पोटाखाली फिरणारं पातं. खेळाचे सर पहिल्या दिवशी बसले आणि थेट लांब उडीच्या वाळूत गेले. मग बागेतले सुबराव बसले ते उतरलेच नाहीत.

"आधी काय केलंत?"

"आदी पेट्रोल बदाललं. जुनं पेट्रोल मरतंय म्हनत्यात. नवं घातलं की लगीच चालू! पाच-सात मिंटं चालली, परत बंद. मंग स्टँडवरच्या रफीक मिस्त्रीला आनला. त्येनं फिल्टर बदालला, नळी बदालली, प्लग बदालला. कार्बोरेटर तीनदा खोलून धुतला. त्येबी म्हनला, पेट्रोल पोचंना झालंय. आता पेट्रोल हितं, इंजन हितं," त्यांनी हातभर अंतर दाखवलं, "एवढ्यात कुटं जातंय पेट्रोल? काय येष्टीनं जायाचंय त्याला?"

"आणि पेट्रोलमध्येच भेसळ असली तर?"

"त्येबी झालं की. तुमच्या केमिस्ट्रीच्या सरांकडं बाटली दिली. तीन आठवड्यांनी सर म्हनले, नमुना उडून गेला."

मी मान डोलावली. नमुना उडून गेल्याची नोंद अहवालाच्या दुसऱ्या पानावर होती. 'प्रयोगशाळेतही दोष निष्पन्न झाला नाही' अशा शब्दांत.

"आता चालू करून दाखवता?"

"सकाळी चालीवलती. ह्या कडुलिंबापतुर आली आन् बसली. तवापासनं हात लावला न्हाई." ते चढून बसले, चावी फिरवली. इंजिन कण्हलं, खोकलं, पण धरलं नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी चावी सोडली, खाली उतरून समोर आले आणि बॉनेटमधून वर आलेलं टाकीचं काळं टोपण फिरवू लागले. टोपण जाम होतं. दातओठ खाऊन त्यांनी ते सोडवलं.

फुस्स.

एवढासा आवाज. झोपलेल्या माणसानं कूस बदलताना सोडावा तसा.

"पेट्रोल हाय," त्यांनी आत डोकावून सांगितलं. "अर्धी हाय टाकी." टोपण परत लावलं, चढले, चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात धडधडायला लागलं.

"बगा! जरा इच्चारपूस केली की चालती. रुसव्याचं हाय सगळं."

मी मात्र उभ्या जागी थंड झालो होतो. त्याच दिवशी सकाळी अकरावीच्या वर्गात मी शहाळ्याची नळी पाण्यात बुडवून, वरचं तोंड बोटानं दाबून उचलून दाखवली होती. पाणी नळीतच राहतं, पडत नाही. बोट काढा, पडतं. वरून हवा आत आली, तरच खालून पाणी बाहेर येतं. हा धडा मी तीन वर्षं शिकवत होतो आणि परीक्षेत तो हमखास विचारत होतो.

टाकीत हवा शिरत नव्हती. जेवढं पेट्रोल खाली जाई, तेवढी पोकळी वर होई, आणि थोड्याच वेळात ती पोकळी पेट्रोलला धरून ठेवी. टाकी भरलेली असली, तर वर हवा आधीच कमी. म्हणून लवकर बंद. टोपण उघडलं की हवा आत. म्हणून परत चालू. पोट भरलं की झोपती. सुबरावांनी निदान पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, आम्ही फक्त त्यावर समिती नेमली होती.

सहा मिनिटांनी इंजिन बंद पडलं. मी पुढे झालो आणि टोपण पाहिलं. हवा जायला टोपणाच्या मधोमध भोक असतं. इथे मधोमध कुंकू होतं. रुपयाएवढं, जाड, उंचवटा आलेलं. मी नख पुढे केलं.

माझं मनगट धरलं गेलं. खुरपं धरून धरून राठ झालेला हात होता तो.

"त्येला नगं, सर."

"मामा, मी फक्त..."

"बाकी गाडी खोला. पुरी खोला. त्येला नगं."

ते तसेच मनगट धरून उभे राहिले. मग त्यांचं त्यांनाच वाटलं असावं की सदस्य-सचिवाचं मनगट इतका वेळ धरू नये. सोडलं.

"खंडेनवमीला माझी बायकू सोना पूजा करायची हिची," ते म्हणाले. "मला न्हाई करू द्यायची. म्हनायची, पुरुषमाणूस कुंकू लावतंय का रंग देतंय, कळत न्हाई. दर साली लावायची आन् दोन दिसांत उडून जायाचं. गाडी हादरती न्हवं? तर ह्या दसऱ्याला तिनं आदी मेण लावलं, त्यावर कुंकू. आमच्या जुन्या बायका कपाळाला लावायच्या तसं. ह्यो मधी खळगाबी कसा बेस हाय, म्हनली, कुंकवासाठीच ठेवलाय घडीवनाऱ्यानं." त्यांनी टोपणावर पडलेलं कडुलिंबाचं पान अलगद उचललं. "तवा उठून बसायला बी व्हत न्हवतं तिला. मीच धरून आनली हितपतुर. म्हनली, आता मी नसले तरी ऱ्हाईल. कार्तिकात गेली."

मैदानावर टिटवी ओरडत होती. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

दिवाळीच्या आधीपासून. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. दसरा आणि दिवाळी यांच्यामध्ये किती दिवस असतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण माणूस ज्या दिशेला बघत नाही, त्या दिशेला काही नसतंच. आता मी त्यांना काय सांगू? मामा, तुमची नोकरी तुमच्या बायकोनं घालवली, उठवत नसताना येऊन, जपून, मेण लावून?

आणि समजा सांगितलं, त्यांनी खरवडलं, मशीन चालली. मग अहवालाचं काय? जूनमध्ये नव्यानं निघायच्या माझ्या नेमणुकीचं काय? मी नळाकडे जाऊन पाणी प्यायलो. परत आलो. परत गेलो. सुबराव म्हणाले, "सर, उन्हाचं फार पानी पिऊ नगासा, पोटात गोळा येतोय."

चार वाजता प्राचार्य हुपरीकर छत्री घेऊन आले. पाऊस नव्हता, ते उन्हाशीही शिस्तीनं वागत. कडुलिंबाखालच्या बाकावर त्यांनी रुमाल अंथरला, बसले आणि मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतलं.

"नियम असा आहे मगदूम, की यंत्र सलग पंधरा मिनिटं चाललं पाहिजे. चाललं तर चांगलं. टाकी पूर्ण भरा."

"पूर्ण नगं सायेब, पूर्ण भरली की ही..."

"उद्या कोणी म्हणायला नको की पेट्रोल कमी होतं म्हणून बंद पडलं. काठोकाठ भरा."

सुबरावांनी टोपण काढलं, फुस्स झालं, आणि ते माझ्या हातात दिलं. "कुंकवाचं अंग वर धरा, सर," असं हळूच म्हणून ते शेडकडे कॅन आणायला गेले. शेड मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती.

"उपळेकर," हुपरीकर बाकावरून म्हणाले, "तेवढ्यात सही करून टाका. मग गर्दी नको."

गर्दी म्हणजे सुबराव.

"अजून तपासणी व्हायची आहे, सर."

"ती होईलच. तुमची जूनची ऑर्डर मी काल संस्थेकडे पाठवली आहे. मागे घ्यायला मला आवडत नाही. फार कागद खराब होतो."

मी टोपण बॉनेटवर ठेवलं, अहवाल काढला, तिसरं पान वेगळं करायला टाचणी उपसली आणि ती दातांत धरली. साखरपुड्याला गेलेल्या सदस्यांच्या सहीशेजारी माझी सही केली. तिथपर्यंत मी अगदी शहाण्यासारखा वागलो, असं आजही माझं मत आहे.

पानं घडी करून खिशात ठेवली. टोपण परत हातात घेतलं. हुपरीकर घड्याळाला चावी देत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. टोपण उलटं केलं. आतल्या बाजूला सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं, मेणानं गच्च बुजलेलं. टाचणी दातांत होती. मी काही ठरवलं वगैरे नाही. ठरवून काही करण्याचा माझा स्वभाव नाही. मी आतून टाचणी घातली आणि दाबली. जरा अडली, मग गेली. उलटवून पाहिलं. कुंकवाच्या मधोमध एक ठिपका. माहीत नसलेल्याला दिसू नये एवढा.

"झाली का?" हुपरीकर म्हणाले.

"झाली, सर."

टाचणी हातातून कुठे पडली, कळलं नाही.

सुबरावांनी टाकी काठोकाठ भरली. टोपण लावताना त्यांनी कुंकवावरून बोट फिरवलं, न टेकवता. चढले. चावी फिरवली. इंजिन लागलं.

"चार वाजून एकवीस," हुपरीकरांनी जाहीर केलं.

गाडी गोलपोस्टकडे निघाली. मागे कापलेल्या गवताचा पट्टा पडत गेला. एक मिनिट. दोन. भरल्या पोटी ती चार मिनिटांच्या वर कधी गेली नव्हती. चौथ्या मिनिटाला सुबरावांनी वळून आमच्याकडे पाहिलं, फाशीच्या माणसानं पाहावं तसं. पाचवं मिनिट झालं. त्यांनी पुन्हा पाहिलं. या वेळी आमच्याकडे नाही, टोपणाकडे.

सहाव्या मिनिटाला मला मनापासून वाटलं की गाडी बंद पडावी. खोटं कशाला सांगू? माझी सही खिशात होती. भोक बुजलं असतं, तर मी प्रयत्नही केला आणि नोकरीही राहिली, असा दुहेरी नफा होता. मी मनात म्हटलं, बुज. गाडी चालत राहिली. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होतो. हुपरीकर म्हणाले, "उपळेकर, तुम्हाला जायचं असेल तर जाऊन या."

चार छत्तीसला पंधरा मिनिटं झाली. हुपरीकरांनी घड्याळ कानाला लावलं. गाडी दुसऱ्या गोलपोस्टला वळसा घालून परत निघाली होती. विसाव्या मिनिटाला त्यांनी छत्री हलवून थांबायची खूण केली. सुबरावांनी ती बघितली नाही. ज्याला ती बघायची नाही, असा माणूस जसं बघत नाही तसं. पाच वाजेपर्यंत त्यांनी आख्खं मैदान कापलं, आणि कुणीही न सांगता लांब उडीच्या खड्ड्याभोवतीचंसुद्धा.

"अहवाल द्या," हुपरीकर म्हणाले.

दिला. त्यांच्या हातात वाऱ्यानं तीन पानं तीन दिशांना फडफडली. त्यांनी ती गुडघ्यावर दाबली.

"याला टाचणी होती."

"होती, सर."

"मग?"

"पडली असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे. मग तिसऱ्या पानावरच्या दोन सह्यांकडे, ज्या आता त्यांनाच अडचणीच्या होत्या. पानं दुमडून त्यांनी छत्रीच्या घडीत खोचली.

"तुम्ही फिजिक्सचे, नाही का?"

"हो, सर."

"तरीच," ते म्हणाले आणि रुमाल झटकून उठले.

अनुदान परत गेलं. ते बहुतेक वर्षी जायचं. त्याला वाट माहीत होती. जूनमध्ये माझ्या जागी दुसरे सर आले. मी सांगलीला एका खाजगी क्लासमध्ये लागलो आणि तिथे अजून आहे. तिथेही नळी पाण्यात बुडवून दाखवतो.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. मेण बासष्ट-त्रेसष्ट अंशांना वितळतं. मऊ त्याच्या बरंच आधी होतं. काळं टोपण, एप्रिलचं ऊन, खाली तापलेलं इंजिन. माझं भोक फार तर दोन दिवस टिकणार, हे मला त्याच रात्री कळायला हवं होतं. मेच्या शेवटी, सामान बांधताना कळलं. म्हणजे मी नोकरी घालवून त्या माणसाला दोन दिवस मिळवून दिले होते. कॉलेजकडून येणाऱ्या कुणालाही मी विचारायचो, "मैदानाचं काय?" ते म्हणायचे, "आहे की. हिरवंगार." मला ते खरं वाटत नसे. दर उन्हाळ्यात, पंख्याखाली पेपर तपासताना, डोक्यात ते मेण पसरायचं.

अकरा वर्षांनी पोस्टकार्ड आलं. सुबराव निवृत्त होत होते. रोजंदारीवरून कायम झाले होते, म्हणून निवृत्त होता येत होतं. समारंभ ग्रंथालयात होता. नव्या प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि त्यांचं नाव सदाशिव असं वाचलं. गवतगाडीही त्याच महिन्यात रीतसर निर्लेखित झाली होती. इंजिनाच्या पिस्टननं आपखुशीनं मान टाकली होती.

"चला, सर," समारंभानंतर सुबराव म्हणाले, "शेडात चहा टाकलाय."

शेडमध्ये गाडी विटांवर उभी होती. टोपण तिच्यावर नव्हतं. ते सुबरावांनी धोतराच्या धुवट फडक्यातून काढलं. कुंकू करपून चॉकलेटी झालं होतं. मधोमध भोक होतं. बुजलेलं नव्हतं.



"दर सोमवारी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात दिसाआड. मेण लई वंगाळ, लगीच बुजतंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी शालीखालून सदऱ्याची पट्टी बाहेर ओढली. पहिल्या गुंडीशेजारी एक टाचणी टोचलेली होती, गंजून काळी झालेली.

"दुसऱ्या दिशी गवतात घावली. टायरात घुसंल म्हनून उचलली. तर टोकाला कुंकू." त्यांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली. "लई राग आला बगा तुमचा, सर. दोन दिस. आन् तिसऱ्या दिशी गाडी बंद पडली."

"मग सांगायचं तरी."

"तुमी सांगितलं का मला?"

मी चहा प्यायलो. गूळ फार होता.

"तुमी न्हाई बोलला, म्हनून मीबी न्हाई," ते म्हणाले. "तिच्या हातनं काय झालं, ह्ये एकट्याला ठावं असलं तर वझं हुतंय. दोगांना ठावं असलं की चालतंय." त्यांनी टाचणी उपसून माझ्यापुढे धरली. "ही घ्या आता. ह्ये घरी देवापाशी जानार. तिथं काय हवा लागत न्हाई."

"ठेवा तुमच्याकडेच."

"न्हाई, न्हाई. कॉलेजची वस्तू हाय," सुबराव म्हणाले. "मी आजपासनं रिटायर."

"मी तर अकरा वर्षांपूर्वीच गेलो, मामा."

त्यांनी थोडा विचार केला. मग टोपण उलटं केलं, आतल्या बाजूनं भोकात टाचणी घातली, आरपार, आणि ती तशीच ठेवून फडकं गुंडाळलं.